माझं बोलणं, त्यांच्या तोंडून

सरकारी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी सांगितलं, "गुरुवारी बेळगावला कौन्सेलिंगला जायचं हाय." ती म्हणाली, "अरे वा! मग कुठलं गाव मागणार?" सरकारी शिक्षकांच्या जगात कौन्सेलिंग म्हणजे बदलीचं. मी म्हटलं, "बाई, हे नवरा-बायकोचं कौन्सेलिंग." ती आधी हसली आणि मग म्हणाली, "घरोघरी मातीच्या चुली गं. बाहेर कशाला सांगत बसायचं?"

मला तेव्हा तिचाच राग आला. चुली मातीच्या असतील घरोघरी, पण चटका ज्याचा त्यालाच बसतो की!

झालं होतं ते असं. निपाणीच्या एका मराठी हायस्कूलमध्ये मी एकवीस वर्षं इतिहास शिकवत होते. आमच्याच संस्थेचं आणखी एक हायस्कूल खानापूरकडच्या एका खेड्यात आहे. तिथल्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि ती जागा संस्थेनं मला देऊ केली. आठवडाभर तिथं खोली घेऊन राहायचं, रविवारी घरी यायचं. हो की नाही, ते महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत लेखी कळवायचं होतं. मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे किती, तर पत्र वाचून मी स्टाफरूमच्या बाथरूममध्ये जाऊन एकटीच हसले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "नको." झालं, विषय संपला त्यांच्या बाजूनं. पेपराचं पान उलटलंसुद्धा.

मी म्हटलं, "मी जाणार."

लग्नाच्या चोवीस वर्षांत त्यांच्या 'नको'नंतर माझं वाक्य आलं ते पहिलंच. त्यांना राग आला नाही, काळजीच वाटली. बायकोच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय असा त्यांचा सरळ समज झाला. चिकोडीत त्यांच्या कचेरीतल्या एकाचं मोडायला आलेलं लग्न बेळगावच्या कुठल्याशा समुपदेशक बाईंनी सावरलं होतं म्हणे. ह्यांनी फोन करून वेळ ठरवली, गाडीत पेट्रोल भरलं आणि मला सांगितलं, "गुरुवारी अर्धी रजा टाक."

माझे मिस्टर कचेरीत हेडक्लार्क. निम्म्या तालुक्याचे अर्ज त्यांच्या हातून सुधारून गेलेत. शिक्षण सगळं कन्नड माध्यमातून. घरी मराठी बोलतात, पण कन्नड बोलायला लागले की खुर्चीत बसल्या बसल्या दोन इंच उंच होतात. माझं कन्नड म्हणजे बाजारापुरतं, बसपुरतं आणि खात्याकडून आलेलं पत्र वाचण्यापुरतं. समजतं बऱ्यापैकी, बोलताना मात्र शब्द शोधावे लागतात. त्यामुळं लग्न झाल्यापासून बँकेत, दवाखान्यात, कचेरीत माझ्या वतीनं तेच बोलत आले. साहेब मला विचारायचा, उत्तर हे द्यायचे. मला कुठं दुखतंय हेसुद्धा डॉक्टरला त्यांनी सांगितलंय. मलाही ते सोयीचं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आमच्याकडं निम्म्या घरांत असंच चालतं आणि त्याला कुणी अन्याय म्हणत नाही.

त्या बाईंची खोली पहिल्या मजल्यावर होती, खाली डोळ्यांचा दवाखाना. बाई तिशीच्या, धारवाडकडच्या. एक टेबल, टेबलासमोर एक खुर्ची आणि भिंतीकडेला सोफा. हे खुर्चीवर बसले, खुर्ची पुढं ओढली, टेबलावर फाईल ठेवली. व्हय, फाईल! समुपदेशनाला फाईल घेऊन आलेला तो जगातला पहिलाच माणूस असेल. मी त्यांच्या मागं सोफ्यावर बसले.

बाईंनी विचारलं, "कन्नड बर्तैतेन्री?" म्हणजे, कन्नड येतं ना?

ह्यांनी मान हलवली. मीही हलवली. ती माझी चूक, आणि ती चूक फक्त आमच्या भागातला माणूसच करेल. इथं त्या प्रश्नाला 'येत न्हाय' म्हटलं की माणूस लगेच सीमावादाच्या कुठल्यातरी बाजूचा होतो, मग मूळ काम राहतं बाजूला. म्हणून येवो न येवो, आम्ही मान हलवतो. मराठी बोलणारे समुपदेशक बेळगावात नव्हते अशातला भाग नाही. पण निवड त्यांनी केली होती आणि मला विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर मी भांडले तरी असते.

पहिल्या दिवशी हे पाऊण तास बोलले. मी अडखळत चार वाक्यं बोलले, पुढची मराठीत बोलले, ती ह्यांनी बाईंना सांगितली. माझी दहा असली तर त्यांची दोन व्हायची. उसाचा रस काढावा तसं ते माझं बोलणं पिळून काढत होते, आणि रस कुठला, चोयट्या कुठल्या, ते ठरवणार तेच.

बाईंनी घरचा अभ्यास दिला. रोज संध्याकाळी दहा मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मधे न बोलता ऐकायचं, मग उलट. कल्पना चांगली होती. पण ह्यांनी त्याची सुनावणी करून टाकली. मी बोलायला लागले की हे वही उघडून लिहून घेत. दुसऱ्या खेपेला ती वही टेबलावर आली आणि मी माझ्या स्वयंपाकघरात, भाजी निवडताना बोललेली वाक्यं त्यांनी बाईंना कन्नडमध्ये वाचून दाखवली. 'पत्नीनं असं म्हटलं. त्यावर माझं स्पष्टीकरण असं.' बाई म्हणाल्या, "सर, तयारी छान केलीय तुम्ही."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तयारी? माझा नवरा माझ्यावर केस तयार करत होता, आणि ज्या बाईनं दोघांचं ऐकायचं ती त्याला शाबासकी देत होती! त्या आठवड्यात घरी माझी दहा मिनिटं आली की मी म्हणायचे, "काय न्हाय. लिहा, काय न्हाय." तीन दिवस हे माझ्याशी बोललेच नाहीत. आमच्या घरात आवाज कधी चढत नाही. फक्त बोलणं बंद होतं, आणि ते पुन्हा कधी सुरू व्हायचं ते एकच माणूस ठरवतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिसरी खेप आली तेव्हा शनिवार दोन दिवसांवर होता. संकेश्वर मागं पडलं तसं ह्यांनी गाडी चालवता चालवता सांगितलं, "पत्र टाइप करून आणलंय. मेडमसमोर सही कर, म्हणजे मिटलं."

"कसलं पत्र?"

"नकाराचं. 'घरगुती अडचणींमुळे' असं लिहिलंय, तुझ्याकडं काय कमीपणा येत न्हाय त्यात. आणि तुला म्हणून सांगतो, नाकापेक्षा मोती जड झाला की नाकच फाटतं."

 महामार्गावर ऐंशीच्या वेगात कोण भांडणार?

खोलीत गेल्यावर त्यांनी फाईलमधून पत्र काढलं. सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली. कचेरीत अडाणी म्हाताऱ्यांना अंगठा कुठं द्यायचा ते दाखवायला मारतात ना, तशी. मी एम. ए., बी. एड. बाईंनी पत्राकडं बघितलं आणि मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

आणि मी बोलले. मराठीत, सरळ पाच मिनिटं. म्हटलं, मला ही जागा पाहिजे. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली शाळा कशी चालते ते बघितलंय, आता मला चालवायची हाय. घर मोडत न्हाय मी, सहा दिवस कामाला जाते, तुम्ही रोज चिकोडीला जाताच की! मला कुणी विचारलंच न्हाय, मला फक्त सांगितलं. हे पत्र माझं न्हाय.

ह्यांनी शांतपणे ऐकलं, बाईंकडं वळले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "ती म्हणते, घर सोडून जाणं तिलाही अवघड वाटतंय. थोडं वाईट वाटतंय, पण समजून घेईल ती."

मला बोलता येत नसेल हो, पण कान होते ना!

"खोटं!" मी ओरडले. "मेडम, सुळ्ळु! सगळं सुळ्ळु!" खोट्याला कन्नडमध्ये सुळ्ळु म्हणतात, एवढा शब्द बरा आठवला. "मी किती बोलले? ह्यांनी किती सांगितलं? तुम्हाला मराठी येत नसंल, पण घड्याळ तरी येतं का न्हाय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पडला होता. मग त्यांनी ह्यांना दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. हे म्हणाले, "आमच्यात लपवण्यासारखं काही नाही." बाई म्हणाल्या, "प्रोसिजर आहे, सर." प्रोसिजर म्हटल्यावर माझा नवरा उठला. क्लार्कच शेवटी.

दार लागल्यावर बाई माझ्याशेजारी सोफ्यावर येऊन बसल्या. मोडकं हिंदी, मोडकं मराठी, माझं मोडकं कन्नड, असं आमचं सुरू झालं. त्यांनी पहिलं विचारलं, "मारतात?"

"हात उचलला न्हाय कधी," मी म्हटलं. "गरजच पडली न्हाय."

 मग त्यांनी विचारलं, इथं बोललेल्याचा घरी त्रास होतो का? मी तीन दिवसांच्या अबोल्याचं सांगितलं, वहीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तप्पातु." चूक झाली. दोघांना सारखा वेळ दिला की न्याय झाला असं त्या धरून चालल्या होत्या. पण एकाच्या हातात भाषा, एकाच्या हातात वही, गाडी त्याची, वेळ ठरवणारा तोच, मग सारखं कुठं राहिलं? हे त्या स्वतःच म्हणाल्या. पुढच्या वेळेपासून दोघांना वेगवेगळं भेटू, मराठी बोलणाऱ्या दुसऱ्या बाईंकडं पाठवते, तुम्हाला पाहिजे तसं करू, असंही म्हणाल्या.

मी म्हटलं, "ते पुढचं पुढं. पत्र आज हाय. आज तेच सांगू देत. पण सगळं सांगू देत."

"नवराच सांगणार?"

"तेच. त्यांच्याच तोंडून निघू दे."

घरी गेल्यावर जड जाईल, असं त्यांनी मला तीनदा समजावलं. मी तीनदा म्हटलं, आत्ता तरी कुठं हलकं हाय? माझी आई म्हणायची, बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूबी विकत न्हाईत. माझ्याकडं गहू होते आणि मी चोवीस वर्षं पोत्याचं तोंड शिवून बसले होते.

हे आत आले. बाईंनी मला टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि ह्यांना सोफ्यावर. फाईल बंद करून बाजूला ठेवायला लावली. म्हणाल्या, "सर, या खोलीत सह्या होत नाहीत. आता तुमच्या पत्नी एक वाक्य बोलतील, तुम्ही ते मला कन्नडमध्ये सांगायचं. 'ती म्हणते' म्हणायचं नाही. त्या 'मी' म्हणाल्या तर तुम्हीही 'मी' म्हणायचं. काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही."

ह्यांना ते भाषांतराचं काम वाटलं. पाठ ताठ केली त्यांनी.

मी म्हटलं, "मी चोवीस वर्षं या घरात हाय." त्यांनी सांगितलं.

"घरात काहीही ठरतं ते मला ठरल्यावर कळतं."

"आमच्या घरात सगळं आम्ही दोघं मिळून..." त्यांनी सुरू केलं. बाई म्हणाल्या, "सर, त्या असं म्हणाल्या का?" हे थांबले. घसा साफ केला. मग सांगितलं, जसं होतं तसं.

"संध्याकाळी दारात तुमच्या चपलांचा आवाज आला की मी चालू असलेला फोन ठेवते. समोर कुणीही असू दे."

हे माझ्याकडं वळले. "कुणाच्या चपला म्हणून सांगू?"

"नवऱ्याच्या म्हणा."

आणि माझा नवरा, चिकोडीच्या कचेरीतला हेडक्लार्क, त्या बाईंना म्हणाला, संध्याकाळी नवऱ्याच्या चपलांचा आवाज आला की मी फोन ठेवते. बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पायांकडं बघितलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, पण मी दोन्ही आवरलं. आता थांबले तर परत सुरू व्हायची नाही, हे मला माहीत होतं.

"मला तुमची भीती वाटते," मी म्हटलं.

त्यांनी लगेच सांगितलं, "ती माझा गौरव करते." कन्नडमध्ये गौरव म्हणजे मान.

"मान न्हाय!" मी टेबलावर हात आपटला. "मी मान म्हटलंच न्हाय. मान वेगळा, भीती वेगळी. तुम्हाला दोन्ही शब्द येतात. माझ्यापेक्षा चांगले येतात!"

 खाली दवाखान्यात कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं. ह्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली. मी वाट बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः नमत नव्हते, नुसती बसून होते.

"ननग," ते म्हणाले आणि थांबले. मला. मग हळूच म्हणाले, "ननग गंडन हेदरिकी ऐती."

मला नवऱ्याची भीती वाटते.

तो आवाज त्यांचाच होता. मी तो इतका बारीक कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं का? वाटलं. माणूस वाईट नाही तो. पण मी ते वाईट वाटणं तिथंच गिळलं. वाईट वाटून वाटूनच मी त्या फुलीपर्यंत येऊन पोचले होते.

"पुढचं सांगते," मी म्हटलं. "मी जाणार. परवानगी मागत न्हाय, कळवते."

 बाईंनी वाट बघितली. ते माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले, "हे मी कसं सांगू?"

"मी सांगितलं तसं."

त्यांनी मान खाली घातली. नाही सांगितलं त्यांनी. मग मीच बाईंकडं वळले. वाक्य जुळवायला मला वेळ लागला, क्रियापद बरोबर आलं की नाही देव जाणे, पण म्हटलं, "नानु होगतेनी." मी जाते. बाईंनी ते त्यांच्या कागदावर लिहून घेतलं. तिथं लिहिलं गेलेलं ते माझं पहिलं वाक्य, जे कुणाच्या हातून आलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर हे बोलत नव्हते. मी मनाशी दिवस मोजायला लागले, ह्या खेपेला अबोला किती दिवसांचा, तीन की आठ? दोन्हींची तयारी ठेवली. पण हत्तरगीच्या पुढं उसाची ट्रॉली आडवी आली, गाडी थांबली, आणि समोर बघतच ते म्हणाले, "परक्या बाईसमोर चव्हाट्यावर आणलंस. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मुठीत मी होते," मी म्हटलं. "गुदमरले होते."

ट्रॉली हलली तरी त्यांनी गाडी काढली नाही. मागचा हॉर्न वाजवत होता.

"भीती वाटते हे तू मला आधी कधी बोलली न्हाईस," ते म्हणाले. आवाजात तक्रार होती. खरंच तक्रार होती!

"भीती वाटत होती म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी गाडी काढली. 

शुक्रवारी सकाळी शाळेला जायच्या आधी मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले आणि संस्थेला पत्र लिहिलं. हातानंच. चार ओळी. नेमणूक मान्य आहे, अमुक दिवशी रुजू होते. हे आंघोळ करून आले, समोर बसले, चहा ओतून घेतला. मी सही करून कागदाची घडी घातली तेव्हा त्यांनी सवयीनं हात पुढं केला.

"दे, बघतो. मसुद्यात काय चुकलं असंल तर."

मी घडी पाकिटात घातली. त्यांचा हात तसाच पुढं होता.

"वाचायला तरी दे की," ते म्हणाले. आता विनवणी होती ती.

"संस्थेत पोचल्यावर," मी म्हटलं, आणि पाकिटाला गोंद लावला.